पॅड बदलला, दोष तिथेच राहिला

पाच महिन्यांत एकाच गाडीसाठी पुढच्या ब्रेक पॅडचे दोन सेट आमच्या काउंटरवरून गेले आणि तिसरा मागायला गाडीचे मालक स्वतः दुकानात आले, तेव्हा कुठे या विषयावर चार शब्द लिहावेत असे आम्हांला वाटले. गाडी टूरिस्ट परमिटची. मालक स्वतःच चालवतात. मुंबई ते महाड अशा आठवड्यातून दोन फेऱ्या, कधी पुढे कशेडी घाट उतरून खेडपर्यंत. आधीचे दोन्ही सेट त्यांच्या मिस्त्रीने नेले होते. या वेळी मिस्त्रीला वगळून ते थेट आले, यावरूनच राग किती होता ते कळत होते. "शेठ, तुमच्याकडे माल बोगस यायला लागलाय. सेट आठ हजार किलोमीटरसुद्धा टिकत नाही," असे त्यांनी चार गिऱ्हाइकांसमोर सुनावले.

खरे सांगायचे तर आम्हांलाही राग आला. पेटी अधिकृत वितरकाकडून आलेली, बिल हजर. पण त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेले जुने पॅड काउंटरवर मांडले आणि आमचा राग निवळला. उत्तर त्या कागदातच होते. कोणता पॅड कुठला, याच्या खुणा त्यांनी पेनाने करून ठेवल्या होत्या, ही त्यांची हुशारी. उजव्या चाकाचे दोन्ही पॅड सारखे झिजलेले आणि अजून बरेच चालतील असे. डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड अर्ध्याहून अधिक शिल्लक. आणि त्याच चाकाचा आतला पॅड मात्र पार लोखंडी पत्र्याला लागलेला. चारही पॅड एकाच पेटीतले, एकाच मसाल्याचे. माल खोटा असता तर चारही गेले असते. एकच जातो, तेव्हा खोट पॅडमध्ये नसते, गाडीत असते.

आम्ही त्यांना घेऊन शेजारच्या गल्लीतल्या एका वयस्क उस्तादांकडे गेलो. त्यांनी चाक काढले, कॅलिपर उघडले आणि काही न बोलता कॅलिपर हाताने हलवून दाखवले. ते जागचे हलेना. ज्या दोन पिनांवर कॅलिपर सरकते, त्यांपैकी एक पिन कशीबशी ओढून निघाली, दुसरी हातोडीने ठोकून काढावी लागली. तिच्यावरचे रबर फुगून कोंब आल्यासारखे झाले होते आणि आत काळे, घट्ट झालेले साधे ग्रीस भरलेले होते. नव्या पिना, रबर किट, योग्य ग्रीस आणि उस्तादांची मजुरी, सगळे मिळून खर्च पॅडच्या एका सेटपेक्षाही कमी आला. त्यानंतर या लेखाच्या दिवसापर्यंत ते गृहस्थ पॅड मागायला आलेले नाहीत.

आता प्रश्न असा की, ते साधे ग्रीस पिनांवर कोणी लावले? ज्या मिस्त्रीने पहिला सेट बसवला त्यानेच, आणि तेही चांगल्या हेतूने. पिना कोरड्या दिसल्या, त्याने हाताशी असलेल्या डब्यातले ग्रीस लावले. दुसऱ्यांदा पॅड झिजले तेव्हा त्याने पिनांकडे पाहिले नाही, नवा सेट नेला. त्या दोन्ही सेटवर त्याला कमिशन कोणी दिले? आम्ही दिले. ही गोष्ट लपवून बाकीचे लिहिणे बरे दिसणार नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकली.

आमच्या धंद्यातील बहुतेक जुने उस्ताद ड्रम ब्रेकवर हात बसवून मोठे झाले. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून कायमची गेली. तिला चारही चाकांना ड्रमच होते. ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलले गेले की त्यांना मागे ओढायला मजबूत स्प्रिंगा असतात. डिस्क ब्रेकमध्ये अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काठाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती रिंग पिस्टनबरोबर किंचित पिळली जाते, आणि पाय उचलला की पिळ सुटून पिस्टनला केसभर मागे घेते. पॅड आणि डिस्क यांच्यातले अंतर एवढेच, मिलिमीटरचाही काही अंशच. म्हणजे डिस्क ब्रेक मोकळा होतो तो रबराच्या जिवावर. ते रबर फुगले, कडक झाले, त्याच्या खाचेत गंज बसला की ब्रेक मोकळा होत नाही. ही गोष्ट ज्याला समजली त्याला अर्धा रोग समजला. आणि ज्याने ड्रमच्या सवयीने डिस्क हाताळली, पेट्रोलने धुतली, डब्यातले ग्रीस लावले, त्याने आपल्याच हाताने पुढच्या सेटचे गिऱ्हाईक तयार केले.

कॅलिपर म्हणजे चिमटाच समजावा. आपल्याकडील बहुतेक लहान गाड्यांत पिस्टन एकाच, म्हणजे आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट्या रेट्याने सगळे कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने आवळते. पिना जाम असतील तर कॅलिपर सरकतच नाही, सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. पिस्टन परतत नसेल तरीही आतलाच पॅड जास्त जातो. उलट बाहेरचा पॅड जास्त गेलेला दिसला तर कॅलिपर पुढे येते पण मागे सरकत नाही, हेही पिनांचेच दुखणे. पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, पाचरीसारखा झाला असेल तर दोनपैकी एकच पिन अडकली आहे, किंवा पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथे गंज साचला आहे. कोकणातल्या गाड्यांत हे फार. पावसाळ्यातला चिखल आणि खाडीकाठची खारी हवा, यांनी खाचेतल्या पत्री क्लिपांखाली गंज फुगतो आणि नवा पॅड त्यात ठोकून बसवावा लागतो. ठोकून बसलेला पॅड मागे कसा सरकेल? ज्या पॅडला हातोडी लागते तो पॅड बसलेला नसतो, अडकलेला असतो. क्लिपा काढाव्यात, खाच तारेच्या ब्रशाने लखलखीत करावी, नव्या क्लिपा टाकाव्यात. आमच्याकडे क्लिपांचा खप नगण्य आहे, कारण कित्येक मिस्त्री जुन्या क्लिपा वाकड्या झाल्या की फेकून देतात आणि क्लिपांशिवायच पॅड बसवतात.

एकाच चाकाचे दोन्ही पॅड लवकर गेले आणि दुसऱ्या चाकाचे शाबूत राहिले, तर त्या चाकात दाब अडकून राहतो आहे. याची परीक्षा उस्तादांनी आम्हांला त्याच दिवशी करून दाखवली, आणि ती इतकी साधी आहे की प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवावी. गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाक हाताने फिरवा. एकाला ब्रेक दाबून सोडायला सांगा आणि पुन्हा फिरवा. चाक जड झाले, तर कॅलिपरवरचे हवा काढायचे निपल जरासे ढिले करा. ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक लगेच मोकळे झाले, तर दाब मागेच अडकला आहे: दोष होजमध्ये किंवा मास्टर सिलेंडरमध्ये. निपल ढिले करूनही चाक जडच राहिले, तर दाबाचा संबंध नाही, पिस्टन गंजून अडकला आहे किंवा पिना जाम आहेत. होज की मास्टर सिलेंडर, हे ठरवायला मास्टर सिलेंडरपाशी पाइपचा नट ढिला करून पाहावा. तिथे सोडताच चाक मोकळे झाले तर मास्टर सिलेंडर पाहावा. तिथे सोडूनही चाक जड आणि निपल सोडताच मोकळे, तर मधला होज. नंतर हवा व्यवस्थित काढायची, आणि ऑइल गाडीच्या रंगावर सांडू द्यायचे नाही, ते रंग खाते. एवढ्या तपासणीला अर्धा तास पुरतो, आणि एकही पार्ट विकत घ्यावा लागत नाही.

होजचा दोष फसवा असतो. बाहेरून रबर ठाकठीक दिसते, आतला थर सुटून त्याची झडप तयार होते. पायाचा जोर पुढे जातो, परतीचा दाब येत नाही. हा दोष बहुतेक वेळा गॅरेजमध्येच जन्माला येतो. पॅड बदलताना कॅलिपर खाली सोडून देतात आणि त्याचे सगळे वजन होजवर लोंबकळत राहते. बारीक तार घेऊन कॅलिपर स्प्रिंगला बांधून ठेवावे, इतकेच करायचे आहे.

ग्रीसविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आमच्या मते लवकर पॅड झिजण्याच्या तक्रारींत या एका डब्याचा हात सर्वांत मोठा आहे. ब्रेकमधले रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेले असते. पेट्रोल, रॉकेल, डिझेल, इंजिन ऑइल, बेअरिंगचे ग्रीस ही सगळी खनिज तेलाची मंडळी त्या रबराची शत्रू आहेत. त्यांच्या संगतीत ते रबर फुगते. फुगलेले रबर पिनेला आवळते, पिस्टनच्या रिंगला परतू देत नाही. म्हणून पिनांना सिलिकॉनचे ग्रीसच हवे. छोटी ट्यूब मिळते, कित्येक गाड्यांना पुरते. कॅलिपर धुवायचे तर ब्रेक क्लीनरने, आणि पिस्टन-रिंगचे काम असेल तर ताज्या ब्रेक ऑइलने. पेट्रोलची वाटी आणि ब्रश बाजूला ठेवावा. आणखी एक: काही गाड्यांत दोन पिना एकसारख्या नसतात, एकीच्या टोकाला रबरी बाही असते. त्या वरखाली अदलाबदल होऊ देऊ नयेत. खोलताना खडूने खूण केली की प्रश्न मिटला.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस हवा, असे मानक आहे. ओल शिरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना ओले ऑइल उकळून पेडल खाली जाते, हे बहुतेकांना माहीत असते. पण तीच ओल आत पिस्टनला गंज चढवते आणि पॅड खाते, हे लक्षात घेतले जात नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. बाटली उघडून सहा महिने फळीवर पडलेली असेल तर ती दुसऱ्याच्या गाडीत ओतू नये. स्वतःच्याही नव्हे.

चारही पॅड सारखेच आणि लवकर झिजत असतील तर तपासणीची दिशा बदलते. तेव्हा प्रथम मागच्या चाकांकडे पाहावे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाड्या आपल्याकडे उदंड. मागचे ॲडजस्टर गंजून बसले की मागचा ब्रेक नावापुरता उरतो आणि पुढच्या पॅडांवर दुहेरी ओझे येते. ड्रम काढून पाहायचा कंटाळा केला जातो, आणि पुढे पॅडवर पॅड बदलले जातात. बूस्टर किंवा मास्टर सिलेंडर नवा बसवल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर पेडलची दांडी किंचित लांब राहिली आहे का ते पाहावे. तसे असल्यास ऑइल टाकीत परतायची वाट बंदच राहते, आणि गाडी तापत जाईल तसा ब्रेक आपोआप धरू लागतो.

आणि चालक? त्याचाही वाटा आहे. घाट उतरताना न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे अनेक भाऊबंद आम्हांला माहीत आहेत. जितके डिझेल वाचते त्याहून अधिक पॅड आणि डिस्क खाल्ले जातात, आणि जिवाचा धोका वेगळाच. ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम लहान गाडीलाही लागू आहे. क्लच नसलेल्या गाड्या आता पुष्कळ झाल्या आहेत. त्यांत रिकामा डावा पाय ब्रेकवर ठेवून चालवण्याची खोड काहींना लागते. त्या गाडीचे पॅड कोणताही उस्ताद वाचवू शकणार नाही.

डिस्कचा विचार न करता नवे पॅड टाकणे हेही चुकीचेच. डिस्कच्या कडेवर किंवा मध्यभागी कमीत कमी जाडी कोरलेली असते. त्याखाली गेलेली डिस्क लेथवर घालून उपयोग नाही, बदलावीच लागते. खोल चरे पडलेल्या डिस्कवर नवा पॅड कानशीवर धरल्यासारखा झिजतो. मागे डिस्क असलेल्या गाड्यांत हँडब्रेकवाला पिस्टन पुष्कळदा फिरवत आत घ्यावा लागतो, शिकंजा लावून दाबला तर आतली यंत्रणा तुटते. बटणाच्या हँडब्रेकच्या गाडीत तर आधी स्कॅनरने तो सर्व्हिसच्या स्थितीत न्यावा लागतो. हे शिकण्याला पर्याय नाही. नवा पॅड बसवल्यावर पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर कचकचून ब्रेक मारू नये, हे गिऱ्हाइकाला तोंडी सांगावे. सांगायला पैसे पडत नाहीत.

इथे एक गोष्ट आडवाटेची, पण राहवत नाही म्हणून लिहितो. चाक उघडले की आत काळी पूड असते, आणि गॅरेजमधला पोरगा सवयीने हवेची नळी घेऊन ती फुंकून टाकतो. ती पूड त्याच्या नाकातोंडात जाते. जुन्या आणि स्वस्त मालात ॲस्बेस्टॉस असते, आणि ॲस्बेस्टॉसने फुफ्फुसाचा कर्करोग होतो याबद्दल जगात कोठेही दुमत उरलेले नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्याची नोंद ठेवण्याचे आदेश दिले. आमच्या गॅरेजमधल्या पोराची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे? त्याचा बाप आपल्या भरवशावर त्याला उस्तादाच्या हाती सोपवून गेलेला असतो. ओल्या फडक्याने पूड पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, हवेची नळी चाकापासून दूर ठेवावी. आम्ही दुकानदारांनीही पेटीवर 'ॲस्बेस्टॉसरहित' लिहिलेले नाही असा माल ठेवू नये. थोडा स्वस्त पडतो म्हणून आम्हीही तो एके काळी ठेवला आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेल्या तपासण्या आमच्या कारागिरांना येत नाहीत असे नाही. बहुतेकांना येतात. मग ते करत का नाहीत? कारण तपासणीचे पैसे कोणी देत नाही. मिस्त्री दीड तास खपून पिन सोडवतो, खाच साफ करतो, तेव्हा गिऱ्हाईक म्हणते, "चाचा, नुसती साफसफाई केली आणि एवढे मागता?" तेच गिऱ्हाईक पेटीवर छापलेली किंमत निमूट मोजते. पेटी डोळ्यांना दिसते, उस्तादाचे डोके दिसत नाही. म्हणून मिस्त्रीने आपली मजुरी पेटीत लपवायला सुरुवात केली, आणि ती लपवायला जागा आम्ही दुकानदारांनी दिली. तिचे नाव कमिशन. जितक्या पेट्या जास्त, तितकी कमाई जास्त. रोग बरा झाला तर कमाई बंद. अशा व्यवस्थेत रोग शोधायची हौस कोणाला राहील?

ही व्यवस्था जायज की नाजायज, याचा निर्णय देणारे आम्ही कोण. तो उलेमांचा विषय आहे. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातली एक हकीगत आपल्यापैकी प्रत्येकाने जुम्याच्या बयानात ऐकलेली असते. बाजारात धान्याची रास होती, प्रेषितांनी तिच्यात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा प्रेषितांचा प्रश्न होता, आणि फसवणूक करणाऱ्याला त्यांनी आपल्यातला मानले नाही. त्या माणसाने पाऊस पाडला नव्हता. दोष त्याचा नव्हता, दोष झाकणे त्याचे होते. चाक न उघडता खिडकीतून डोकावले तर बाहेरचा पॅड दिसतो, आतला दिसत नाही. आतला काय अवस्थेत आहे आणि का आहे, हे ज्याला माहीत आहे त्याने ते वर आणून दाखवले पाहिजे. दुसऱ्या बाजूने गिऱ्हाइकांनाही विचारावेसे वाटते की, मजुराची मजुरी वेळेवर आणि पुरती देण्याची शिकवण आपण मशिदीबाहेर पडताच विसरायची काय? घासाघीस पेटीवर करा. घामावर करू नका.

त्या महाडच्या गृहस्थांच्या प्रकरणानंतर आम्ही आमच्या दुकानात तीन बदल केले. पॅडच्या पेटीवरचे कमिशन बंद केले आणि तेवढी रक्कम बिलात सरळ कमी करून गिऱ्हाइकाला दिली. जुने चारही पॅड दाखवल्याशिवाय त्याच गाडीचा दुसरा सेट सहा महिन्यांच्या आत देत नाही. आणि मिस्त्रींना सांगितले की तपासणीची मजुरी वेगळी लिहा, गिऱ्हाईक कुरकुरले तर आमच्याकडे पाठवा, आम्ही समजावू. परिणाम काय झाला, तेही सांगितले पाहिजे. जुने दोन मिस्त्री रागावून पलीकडच्या दुकानात गेले. त्यांतला एक परत आला, एक आला नाही आणि भेटला तर सलामालाही थंड उत्तर देतो. पॅडचा खप घटला, तो अजून भरून निघालेला नाही. पिना, रबर किट, क्लिपा, होज, सिलिकॉन ग्रीस यांचा खप वाढला, पण या वस्तूंवर नफा थोडा. तूर्त हिशेब आमच्या तोट्याचाच आहे. पण एक गोष्ट नवी घडते आहे: गाडीमालक स्वतः येऊन विचारतात की, तपासून देणारा मिस्त्री कोण? पूर्वी ते फक्त भाव विचारत.

हे आज करायचे कारण आणखी एक आहे. वॉरंटीच्या नावाखाली नव्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात बांधलेल्या राहतात. आमच्या गल्लीत येतात त्या जुन्या आणि थकलेल्या. त्यातच विजेवर चालणाऱ्या गाड्या वाढत आहेत. त्यांत वेग कमी करायचे बरेचसे काम मोटरच करते, त्यामुळे पॅड पुष्कळ जास्त टिकतात. पॅडच्या पेट्यांवर घर चालवणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. गंमत अशी की, त्या गाड्यांत ब्रेक कमी वापरला गेल्याने पिना आणि खाचा उलट लवकर गंजतात. म्हणजे पेटी विकली जाणार नाही, पण पिन सोडवणारा हात लागणारच. ज्याने तपासणीची मजुरी मागायची सवय आज लावून घेतली नाही, तो तेव्हा कशाचे पैसे मागणार?

किती मजुरी योग्य, हा प्रश्न मात्र आम्हांला एकट्याने सुटत नाही. आमच्या गल्लीत एका चाकाच्या ब्रेक तपासणीचा दर प्रत्येक मिस्त्री वेगळा सांगतो, आणि गिऱ्हाईक सर्वांत कमी सांगणाऱ्याकडे जाते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्याच्या नाना पेठेत, रत्नागिरीत, औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, काय चालते, कोणी तपासणीचा दर फलकावर लावला आहे काय, आणि लावल्यावर गिऱ्हाईक टिकले की गेले, हे त्या त्या ठिकाणच्या गॅरेजवाल्या बांधवांनी या पानाच्या पत्त्यावर कळवावे. नाव छापू नये असे लिहिल्यास छापले जाणार नाही.